पोटकंत्राट दिलं म्हणून जबाबदारी सुटत नाही

लेखात पोटकंत्राट (घेतलेलं काम पुढे दुसऱ्याकडून करून घेणं) आणि कराराचं हस्तांतरण (करारच दुसऱ्याच्या नावे करणं) एकच धरलंय, ते पटलं नाही. पोटकंत्राटात मूळ करार जागचा हलत नाही. काम दुसऱ्याने बिघडवलं तरी मालकाला, म्हणजे काम देणाऱ्याला, उत्तर मुख्य कंत्राटदारच देतो, आणि पोटकंत्राटदाराला सहसा थेट मालकाकडे पैसे मागता येत नाहीत. जबाबदारीच दुसऱ्यावर टाकायची तर मालक, मुख्य कंत्राटदार आणि नवा कंत्राटदार अशा तिघांच्या संमतीचा नवा करार लागतो. भांडणं होतात ती मुदतीवरून: मालकासोबतच्या मूळ करारात दोषदुरुस्तीची हमी २४ महिन्यांची, पोटकंत्राटात १२ चीच, मग पुढचे १२ महिने मुख्य कंत्राटदाराच्या खिशातून! पोटकंत्राटातली ‘मालकाने पैसे दिले की देऊ’ ही अट तर दोनदा वाचा. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने बांधकाम करारांत ती निष्प्रभ केली, अपवाद फक्त मालकाच्या दिवाळखोरीचा.