त्या नळीत डोळा घालू नका रे!

बटाटा तोफेशी माझं काही वाकडं नाही. पाइपात मागून दाबलेली हवा सोडली किंवा हेअरस्प्रेचा वायू पेटवला की पुढून बटाटा सुटतो, पोटात घुमणारा 'धप्प' असा आवाज येतो आणि चांगली चाळिशी ओलांडलेली, शिकलीसवरलेली माणसं पोरांसारखी टाळ्या पिटतात. मजा आहे त्यात, मान्य. डोकं फिरतं ते ही तोफ बनवणाऱ्यांच्या एका पेटंट वाक्याने: "अरे, काही होत नाही!"

हे वाक्य कधी येतं बघा. आपण साधं विचारतो, बाबा रे, हा पाइप कुठला? "पीव्हीसी." ते दिसतंय. किती दाबाचा? "पाण्याचा आहे, मजबूत असतो." बरं, पाइपवर छापलेलं तरी वाचावं, तर छपाईच गायब! कारण पठ्ठ्याने आधी पाइप पॉलिशपेपरने घासला, त्यावर काळाकुट्ट स्प्रे मारला आणि वरून केशरी ज्वाळा रंगवल्या. ज्या एका ओळीत त्या पाइपची अख्खी कुंडली होती नेमकी तीच घालवली, आणि वर म्हणतो कसा, "लूक बघ!" लूक म्हणे.

त्या काळ्या रंगाचंच घ्या. पीव्हीसीवर छापलेला दाबाचा आकडा 23 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला धरलेला असतो. पाइप तापला की ताकद उतरते, 60 अंशाला जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. आणि हे महाशय काळी तोफ भर दुपारी उन्हात आडवी टाकून तासभर गप्पा झोडणार, मग निवांत पंप लावून हवा भरणार. वर्षानुवर्षं उन्हात पडून पीव्हीसी ठिसूळ होतं ते वेगळंच.

शिवाय तो आकडा पाण्यासाठी आहे. पाण्यासाठी! किती वेळा घसा कोरडा करायचा? पाणी दाबलं तरी जवळजवळ आक्रसत नाही, त्यामुळे पाइप फुटला तर चीर पडते, फवारा उडतो, दाब तिथेच संपतो. हवा दाबली की ती आक्रसते आणि भरलेली सगळी ताकद पोटात धरून बसते. पाइपने दगा दिला की ती एका क्षणात बाहेर. त्यात पीव्हीसी नुसतं फाटून थांबत नाही, त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात. पाइप बनवणारे स्वतः सांगतात, दाबलेल्या हवेसाठी हा वापरू नका. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने, ओशाने, 1988 मध्येच याबद्दल सावध केलं होतं. पण आमच्या तोफखानाप्रमुखांचं संशोधन स्वतंत्र: "आजवर इतके बार काढले, फुटला का?" अरे, दर बाराला तो पाइप ताणला जातो आणि परत बसतो, त्यात जोडाशी बारीक चिरा वाढत जातात. कालपर्यंत फुटला नाही म्हणजे आज तो नवा झाला की काय?

जोडाचं तर विचारूच नका. पाइप जोडायचं सोल्युशन म्हणजे काही नुसता डिंक नव्हे. त्याने पाइप आणि कपलरची, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्याची, कातडी विरघळते, दोन्ही एकजीव होतात आणि मग कडक होतात. याला वेळ लागतो आणि तो डब्यावर लिहिलेला असतो. यांना धीर कुठला! सोल्युशनचा वास नाकात झोंबतोय तोवर हा लायटर टकटकवतोय. ती वाफसुद्धा पेटते, राजा.

पण खरा जीव खातात ते हेअरस्प्रेवाले. पहिला बार झकास निघतो. दुसरा फुसका. का, तर पहिल्या बाराचा जळका वायू मागच्या चेंबरमध्ये तसाच कोंडलेला असतो, आत पुरेसा ऑक्सिजनच नाही. झाकण उघडा, ताजी हवा खेळू द्या, विषय संपला. छे! हा काय करतो? आणखी स्प्रे मारतो. नाही पेटलं, आणखी मारतो. गॅस जास्त झाला तरी पेटत नाही, हे कुणाच्या गावीच नाही. हवेत प्रोपेन साधारण 2 टक्क्यांच्या खाली किंवा 10 टक्क्यांच्या वर गेला की ठिणगी कितीही पाडा, ढिम्म. आणि हल्लीच्या बऱ्याच स्प्रेंमध्ये फवारा उडवणारा वायू प्रोपेन-ब्यूटेनच्याच घरातला. हा मात्र अर्धी बाटली आत रिकामी करून टक, टक, टक करत बसतो.

आणि मग तो क्षण येतो. कपाळाला आठ्या घालून, अंगठा अजून लायटरच्या बटणावर, हा गृहस्थ तोफ स्वतःकडे वळवतो, वाकतो, एक डोळा मिटतो आणि दुसरा नळीच्या तोंडाला लावून आत बघतो. काय दिसणार आहे तुला आत? बटाटा! तूच मघाशी काठीने ठोकून बसवलेला बटाटा! दरम्यान मागे कुणीतरी मदतीला धावून झाकण सैल करतो, हवा आत शिरते, मिश्रण हळूहळू पेटण्याजोगं होत जातं आणि अंगठा बटणावरच आहे. मी ओरडलो की मीच घाबरट. मीच पुस्तकी. मीच मजेवर पाणी ओतणारा.

गप्प करायला इतिहासही काढतात. "दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर बटाटे उडवणारी तोफ होती, माहितीये का?" माहितीये. होल्मन प्रोजेक्टर. शत्रूच्या विमानांवर स्फोटकं फेकायला केलेली, वाफेवर किंवा दाबलेल्या हवेवर चालणारी, आणि कंटाळलेले खलाशी तिच्यातून बटाटे मारायचे. पण तिची नळी पोलादाची होती, साहेब! बाथरूमचं सांडपाणी वाहायचा पाइप नव्हता तो.

हो, सांडपाण्याचा पाइप हाही एक नमुना. बऱ्याचदा त्याच्या भिंतीच्या आत फेसाळ थर, वजनाला हलका, दाब सोसायला बनवलेलाच नाही. तो हातात घेऊन खूश होतात: "बघ किती हलकी झाली!"

कायद्याचं तर बोलायलाच नको. कुठे ही तोफ खेळणं धरतात, कुठे सरळ हत्यार. आपल्याकडे काय नियम आहे हे आधी बघावं, असं यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात येत नाही. लांबी, रुंदी, रेंज, सगळं तोंडपाठ, नियम विचारला की "बघू रे."

आणि तो व्हिडिओवाला. प्रत्येक टोळीत एक असतोच. त्याला बाजूने काढलेला शॉट पसंत नाही, त्याला 'बटाटा अंगावर येतोय' असा शॉट हवा. म्हणून नळीसमोर उकिडवा बसतो, फोन पुढे धरून, आणि ज्याने आत्ताच अर्धी बाटली भरली आहे त्याला हात हलवून सांगतो, "हं, सोड!" त्याच्या खांद्यावर रेलून एक लहान पोरगं. पोराचा बाप तोफेच्या मागे उभा, अभिमानाने.

ऊठ तिथून. आधी पोराला घे, मग फोन घे, आणि मागे हो. आणखी मागे. बटाटा लागला नाही तर पाइप लागेल, मला दोन्हींपैकी काहीच तुझ्या तोंडातून उपसायचं नाहीये.