नळ आला आणि रिफंड गेला

ऑनलाइन गेम विकणाऱ्या एका दुकानातल्या माझ्या अकाउंटमध्ये एका गेमच्या नावापुढं लिहून आलंय, खेळलेला वेळ दोन तास अकरा मिनिटं. साफ खोटं. मी त्या गेममध्ये नऊ मिनिटं होतो आणि त्यातली चार मिनिटं हिरोचं नाक लांब ठेवू का आखूड ह्यातच गेली. उरलेल्या वेळात मी कुठं होतो ते आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा, मी कमरेला टॉवेल गुंडाळून जिन्यात मोटरीचा पाईप धरून उभा होतो.

पहिल्यापासून सांगतो.

जूनच्या शेवटी सेल लागतो. गेम घेणाऱ्यांना हे पंचांगासारखं पाठ असतंय, उन्हाळी सेल, हिवाळी सेल, मधी दिवाळीचा, आणि काहीच नसलं तर "वीकेंड डील". एक गेम मी दोन वर्षं विशलिस्टमध्ये टाकून ठेवला होता, २९९९ चा, तो ७५ टक्के उतरून ७४९ ला आला. रात्री साडेअकराला मेल. गेमचं नाव सांगत नाही कारण त्या बिचाऱ्याची चूक नाही, आणि दुकानाचं नाव सांगत नाही कारण माझे अजून १४२ गेम त्यांच्या ताब्यात आहेत. त्यातले खेळलेले अकरा. बायको ह्यावरनं बोलायला लागली की मी तिच्या साड्यांच्या कपाटाकडं नुसतं बघतो, मग दोघंबी गप.

आमचे अण्णा सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी-टॉवेल विकत्यात, चाळीस वर्षं झाली. त्यामुळं घरात कुणीबी काहीबी घेतलं की ते आधी हातात घेऊन चुरगळून बघत्यात. सकाळी चहाला त्यांनी विचारलं, किती गेले? म्हणलं ७४९. म्हणाले, "दाखव." आता काय दाखवू? मोबाईलमध्ये बिलाचा मेल दाखवला. अण्णा म्हणाले, "हे बिल झालं. वस्तू कुठाय?" म्हणलं वस्तू तिकडंच असते, आपण उतरवून घ्यायची. "मग उतरवल्यावर आपली?" इथं माझी जीभ अडकली. कारण घेताना खाली बारीक अक्षरात स्वच्छ लिहिलेलं असतं की तुम्ही वस्तू घेत नाही, लायसन घेताय. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तसा कायदाच झालाय, १ जानेवारी २०२५ पासून, की गेम नुसता वापरायची परवानगी देत असाल तर गिऱ्हाइकाला तसं उघड सांगा. स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान, त्यांनी त्याच्या आधीच, २०२४ च्या ऑक्टोबरात, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

अण्णा म्हणाले, "म्हणजे भाड्यानं."

"भाड्यानं नाही अण्णा. भाड्याला मुदत असती. ह्याला मुदत नाही, पण त्यांच्या मनात आलं की..."

"म्हणजे उसनं."

"पैसे देऊन उसनं."

अण्णांनी बशी खाली ठेवली. आम्ही दिलेली चादर तीस तीस वर्षं लोकांच्या अंगावर आहे, म्हणाले, उद्या मी दुकान बंद केलं तर रात्री जाऊन अंगावरची काढून आणू का? मी उगीच हुशारी केली आणि त्यांना 'द क्रू'ची गोष्ट सांगितली. गाड्या पळवायचा गेम, २०१४ ला आलेला, एकट्यानं खेळायचा तरी नेट लागायचं. यूबीसॉफ्ट कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि नंतर लोकांच्या खात्यातनं लायसनबी काढून घेतलं. त्यावरनं युरोपात मोहीम उठली, "गेम मारू नका" अशी, दहा लाखाच्या वर सह्या झाल्या. अण्णांना बाकी काही कळलं नाही पण मार्च एंडला दुकान गुंडाळलं हे बरोब्बर कळलं. "हिशेब पूर्ण करून गेले," म्हणाले.

तरी मी त्यांना सांगत होतो की आता लै सुधारलंय ओ. २००३ ला स्टीम निघालं तेव्हा लोक शिव्या घालायचे. २००४ ला 'हाफ लाईफ २' ह्या गेमची दुकानातनं सीडी विकत आणली तरी आधी स्टीम टाका, नेट जोडा, मगच खेळा. आपल्याकडं त्या टायमाला नेट म्हणजे सायबर कॅफेतला पडद्यामागचा तास. आपली दुनिया वेगळी होती, नवी पेठेतनं ५० रुपयाची सीडी आणायची, वर एका गेमचं चित्र आत दुसराच गेम, चरे पडले तर टूथपेस्ट लावून घासायची, तरी नाही चालली तर नेऊन बदलून आणायची. तो माणूस "का बे, खेळून झाला वाटतं" म्हणायचा आणि बदलून द्यायचा. चोरीचा माल होता हे खरं, पण रिफंडची पॉलिसी एक नंबर होती.

पुढं स्टीमवर किमती डॉलरमध्ये. साठ डॉलर गुणिले काय असंल ते, आणि कार्ड अण्णांचं. २०१५ च्या शेवटी रुपयात किमती आल्या तेव्हा माझा दोस्त सिद्ध्यानं मला पार्क चौकात बोलवून स्वतःच्या पैशानं भेळ खाऊ घातली होती, अशी घटना त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही. आता तर यूपीआयबी चालतं.

चालतं म्हणजे चालायला पाहिजे. ७४९ भरताना माझं दोनदा "प्रलंबित" आलं. पैसे खात्यातनं गेलेले नाहीत, दुकानाला मिळालेले नाहीत, मधीच कुठंतरी टेंभुर्णीच्या आसपास उभे. मग कार्ड काढलं. बँकेनं कार्ड नवीन दिलेलं, त्याच्यावर ऑनलाइनची खिडकीच बंद, २०२० पासून तसा नियमच आहे की नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालणार, बाकीचं आपण जाऊन चालू करायचं. मग बँकेच्या ॲपचा पासवर्ड, तो विसरलेला, त्याला ओटीपी, ओटीपी येतोय आईच्या मोबाईलवर कारण खातं उघडताना मी बारावीत होतो. आई झोपलेली. रात्री पाऊण वाजता आईला उठवून म्हणायचं, "आई, सहा आकडे सांग." आई घाबरून उठली, चष्मा शोधला, आणि मला आधी विचारलं, "तू माझाच मुलगा बोलतोयस ना? टीव्हीवर सांगत्यात आकडे कुणाला देऊ नका." समोर उभा होतो मी! सांगितले शेवटी, पण तिनं वाचेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. परत मागवला, तेव्हा कुठं पैसे गेले.

गेम ८५ जीबी. केबलवाल्याचा आमचा प्लॅन ३० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिट, आणि एमबी काढायला त्याला आठनं भागायचं असतंय हे केबलवाला सांगत नाही. म्हणजे सेकंदाला पावणेचार एमबी, म्हणजे सव्वासहा तास, लाईट न जाता. लाईट दोनदा गेली. बरं, हे दुकान तेवढं शहाणं आहे, जिथं तुटलं तिथनंच पुढं उतरवतं, त्याबद्दल मी त्यांना मार्क देतो. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरवून झाला आणि लगेच म्हणाला, ११ जीबीचा अपडेट आलाय.

संध्याकाळी सातला बसलो. पोराला आजीकडं पाठवलं, शेंगाचटणी आणि कडक भाकरीची ताटली बाजूला, पंखा पाचवर. दुकान उघडलं. प्ले दाबलं. तर गेम नाही उघडला, गेम बनवणाऱ्या कंपनीचं आणखी एक दुकान उघडलं. म्हणजे दुकानातनं घेतलेली वस्तू उघडायला दुसऱ्या दुकानात नाव नोंदवायचं. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर चादर घेतली चाटी गल्लीत आणि घडी उलगडायची परवानगी आणायची पंढरपूरनं. तिथं नवीन अकाउंट, जन्मतारीख, पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर एक चिन्ह, आणि मग नऊ चौकोनात सिग्नल ओळखा. त्यातल्या एका चौकोनात सिग्नलच्या खांबाचा नुसता कोपरा आला होता. तो धरायचा का नाही? सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये, आम्ही अख्खा सिग्नल धरत नाही.

ह्यात १७ मिनिटं. मग गेम उघडला आणि म्हणाला शेडर तयार करतोय, थांबा. शेडर म्हणजे काय तर आपल्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक कार्डाला कळंल अशा भाषेत चित्रं रंगवायच्या सूचना आधीच बनवून ठेवायच्या, म्हणजे खेळताना अडखळत नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण २१ मिनिटं. आणि लक्षात घ्या, ह्या सगळ्याला मीटर चालू. रिक्षावाला निदान रिक्षा सुरू झाल्यावर मीटर टाकतो.

मीटर कशाला, तर रिफंडला. स्टीमनं जून २०१५ ला नियम आणला की घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असंल तर कारण न विचारता पैसे परत. नियम खरंच भारी आहे, त्याच्याआधी घेतला तो घेतला, नंतर रडत बसा. मी घेतला त्या दुकानाचाबी नियम तोच. फक्त खेळलेला म्हणजे काय हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि कॉम्प्युटरच्या मते गेम उघडा आहे म्हणजे तुम्ही खेळताय.

हिरोचं नाक झालं. हिरो एका डोंगरावर उभा राहिला, वारं सुटलं, आणि चित्र असं अडखळायला लागलं जसं काय प्रोजेक्टरवाला झोपलाय. दोन पावलं, थांबला. दोन पावलं, थांबला. एवढं शेडर रांधून. माझ्या लक्षात आलं, हा आपल्या मशीनवर चालणार नाही, परत करून टाकू. मीटरवर ४७ मिनिटं. ७३ मिनिटं हातात. आरामात.

तेवढ्यात खालनं अण्णांचा आवाज, "नळ आलाऽऽ!"

सोलापूरच्या बाहेरच्या लोकांना ह्या दोन शब्दांचं वजन कळणार नाही. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसाआड येतो आणि कधी येईल ते व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरालाच माहिती. नळ आला म्हणलं की माणूस दाढी अर्धी सोडून उठतो. मी उठलो. गेम तसाच. मोटर लावली, पाईप निसटला, तो धरला, टाकी, पिंप, हंडे, कळश्या, शेजारच्या काकूंचे दोन ड्रम कारण त्यांचा मुलगा पुण्याला. पाणी लै दिवसांनी जोरात आलेलं, म्हणून आईनं गोधड्या काढल्या. ८४ मिनिटं. वर आलो तर हिरो डोंगरावर अजून वारा खात उभा, शेंगाचटणीला मुंग्या.

मीटर दोन तास अकरा.

तरी अर्ज केला. तिथं कारण निवडायला यादी असते. चुकून घेतला, माझ्या मशीनवर चालत नाही, मजा आली नाही. "नळ आला" हा पर्याय नाही. चालत नाही निवडलं. चार तासांत उत्तर आलं, तुमचा खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा जास्त असल्यानं. खाली, तुमचा दिवस छान जावो.

अण्णांना हे कळल्यावर ते गल्ल्यावर बसल्यासारखे ताठ बसले. "आमच्याकडं घडी मोडली नसली तर आम्ही महिन्यानंबी परत घेतो. तू घडी मोडलीस का?" म्हणलं थोडी मोडली. "किती?" "नऊ मिनिटं." म्हणाले लिही, मी सांगतो. आणि त्यांनी मला मराठीतनं अर्ज सांगितला, मा. महोदय, आपल्या दुकानाचा मी जुना ग्राहक असून, सदर दिवशी नळास पाणी आल्याकारणाने. मी तो इंग्रजी करून पाठवला, खरंच पाठवला. परत तेच उत्तर, तसाच दिवस छान जावो. अण्णा म्हणाले मालकाला फोन लाव. मालक कोण, त्यांनी विचारलं. मी समजुतीसाठी सगळ्यात मोठ्या दुकानाचं सांगितलं, स्टीमची मालक कंपनी म्हणजे व्हॉल्व्ह. "व्हॉल्व?" अण्णा थोडा वेळ शांत. "म्हणजे तिकडंबी चावीवाल्याच्याच हातात आहे."

मग त्यांनी मला एक गोष्ट ऐकवली जी मी आधी शंभरदा ऐकलीय, की आजोबा जेकार्डच्या मागावर बसायचे, भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागं एक सरकायचे आणि चादरीवर मोर उमटायचा, तुमचा कॉम्प्युटर तिथनंच आलाय. मी एकदा चेष्टेनं शोधलं तर निघालं खरं, जेकार्डचा माग १८०४ चा आणि बॅबेज नावाच्या इंग्रज गणितज्ञानं त्याच्या हिशेबाच्या यंत्रासाठी भोकाच्या पुठ्ठ्यांची कल्पना तिथनंच उचलली. अण्णांचं म्हणणं एवढंच की मोर आमचा, पुठ्ठे आमचे, आणि शेवटी चादर गिऱ्हाइकाची.

सिद्ध्याला फोनवर सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "येड्या, गॉगच्या ऑनलाइन दुकानातनं घ्यायचा की. तिथं गेमचा इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, नेट नको, काय नको." म्हणलं हा गेम तिथं नाही. "मंग फुकटचे घे बे, एपिकच्या दुकानात दर गुरुवारी देत्यात." घेतोय की. २०१८ पासनं देत्यात, २०२० च्या मे महिन्यात 'जीटीए ५' फुकट दिला तेव्हा एवढी गर्दी झाली की त्यांची साइटच झोपली, गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर पाळण्यापाशी असती तशी. माझ्याकडं फुकटचे आता सत्तरेक झालेत. खेळलेले दोन.

अडखळणाऱ्या गेमचा परवा अपडेट आला, १४ जीबी. आता थोडा बरा चालतो म्हणे. काल रात्री उघडला, दुसऱ्या दुकानात नाव सांगितलं, शेडर पुन्हा पहिल्यापासून रांधले, हिरो डोंगरावरनं खाली उतरला आणि पहिल्यांदा कुणाशीतरी बोलायला गेला.

"नळ आलाऽऽ!"

मी उठलोच होतो तेवढ्यात परत आवाज आला, ह्यावेळी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत येऊन.

"आधी ते मीटर बंद कर, मग ये!"