जुने कपडे ऑनलाइन विकताना जीएसटी: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘वापरलेले कपडे ऑनलाइन विकायचे तर पहिल्या साडीपासून जीएसटी नंबर लागतो, नाहीतर दंड’ असा मेसेज पुण्यातल्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट आणि जुना आहे.

मोठ्या वेबसाइटवरून माल विकणाऱ्यांना पूर्वी खरंच नोंदणी सक्तीची होती. पण केंद्राच्या 34/2023 या अधिसूचनेने 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलंच असेल आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीऐवजी पॅनवर मिळणारा साधा एनरोलमेंट नंबर पुरतो. तोही फुकट. मात्र कोथरूडहून बेळगावला साडी पाठवलीत, की नोंदणी आलीच. इथे बरेच जण फसतात.

नोंदणी झाली तरी कर पूर्ण किमतीवरच असतो असं नाही. जीएसटीच्या वापरलेल्या मालासाठीच्या नियम 32(5) प्रमाणे 300 ला घेतलेला कुर्ता 500 ला विकला, तर कर 200 वर. खरेदीवरचं क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) मात्र घेतलेलं नसावं. धुणं, इस्त्री, तुटलेलं बटण लावणं चालतं. साडीचा ड्रेस शिवलात तर ही सवलत धरू नका, सीएंना विचारा.

घरच्या कपाटातले चार ड्रेस विकणं हा धंदा नव्हे, असे विकणाऱ्यांनी घाबरायचं कारणच नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.