फोटोपॉलिमर असताना काच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

होलोग्राम (प्रकाशाच्या लहरींची उमटवलेली नक्षी) टिपणाऱ्या काचेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोटोपॉलिमरमध्ये, म्हणजे प्रकाशाने घडण बदलणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, टिपलेल्या आणि न टिपलेल्या भागांच्या अपवर्तनांकातला (प्रकाश वळवण्याच्या क्षमतेतला) फरक काचेच्या कितीतरी पट मिळतो, ते स्वस्त पडतं, भट्टी लागत नाही. माहिती साठवणाऱ्या होलोग्राफिक डिस्कचा धंदाही बुडाला. मग काच वितळवत बसणं हा प्रयोगशाळांचा निव्वळ हट्ट आहे.

डिस्कचं आधी संपवतो. बेल लॅब्समधून २००० साली निघालेली इनफेज कंपनी ३०० गिगाबाइटच्या डिस्कची तयारी करत होती आणि २०१० मध्ये बंद पडली, हे खरं. पण तिची डिस्क फोटोपॉलिमरचीच होती! तिचं अपयश काचेच्या खात्यावर कसं मांडता येईल? शिवाय मी लिहिलं ते फोटो-थर्मो-रिफ्रॅक्टिव्ह काचेबद्दल, म्हणजे आधी प्रकाश आणि मग उष्णता मिळाली की अपवर्तनांक बदलणाऱ्या काचेबद्दल. माहिती साठवायला ती मी कुणालाच सुचवणार नाही, कारण नोंद दिसते ती भट्टीतून काढल्यावर, आणि ती पुसताही येत नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. फरक किती मिळतो एवढंच तुम्ही पाहिलंत, जाडी सोडून दिलीत. कोगेल्निक या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या जाड होलोग्रामच्या सिद्धांतात या दोघांचा गुणाकार येतो. १ मायक्रॉन तरंगलांबीचा जवळजवळ सगळा प्रकाश वळवायला १० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये सुमारे ०.०५ इतका फरक लागतो. १ मिलिमीटर काचेत ०.०००५ पुरतो, आणि तेवढा ही काच सहज देते. जाडीमुळे निवडकपणाही येतो. ३ मिलिमीटर जाडीचं परावर्तन ग्रेटिंग (एकसारख्या थरांचा, प्रकाश परत फिरवणारा साधा होलोग्राम) तरंगलांबींचा साधारण ०.१ नॅनोमीटरचा पट्टा उचलतं. १० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये तोच पट्टा तीसेक नॅनोमीटर होतो. डायोड लेझरची तरंगलांबी तापमानाच्या दर अंशाला ०.३ नॅनोमीटरच्या आसपास सरकते. तिला जागेवर बांधून ठेवायला तीसचा पट्टा काय कामाचा?

पॉलिमर जाड करता येतं, पण घडताना ते आकसतं आणि टिपलेल्या थरांमधलं अंतर बदलतं. पुन्हा उष्णता आहेच. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. या काचेतलं ग्रेटिंग ४०० अंश सेल्सियसपर्यंत टिकतं.

हे शक्य होतं त्यामागची रसायनकृती मला या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. सोडियम, जस्त आणि ॲल्युमिनियम असलेल्या सिलिकेट काचेत फ्लोरिन, ब्रोमिन आणि अगदी थोडं सिरियम व चांदी घालतात. हेलियम-कॅडमियम लेझरचे ३२५ नॅनोमीटरचे दोन झोत काचेत एकमेकांवर पाडले, की उजळ-अंधारे पट्टे पडतात; जिथे प्रकाश तीव्र तिथे सिरियम इलेक्ट्रॉन सोडतं आणि चांदीचा आयन तो पकडतो. डोळ्यांना या टप्प्यावर काहीच दिसत नाही. मग काच ५०० अंशांच्या आसपास तापवतात. चांदीचे अणू सरकत एकत्र येतात, त्यांच्याभोवती सिल्व्हर ब्रोमाइड जमतं आणि त्यावर सोडियम फ्लोराइडचे नॅनोस्फटिक वाढतात, दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसे. प्रकाश पडलेल्या भागाचा अपवर्तनांक उतरतो. तापवणं जास्त झालं तर स्फटिक मोठे होतात आणि प्रकाश विखुरला जातो. भट्टी टाळता आली असती तर बरं, असं तुम्हाला वाटतं. पण चित्र उमटतं ते भट्टीतच.

कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीत स्टूकी आणि सहकाऱ्यांनी सोडियम फ्लोराइडच्या याच युक्तीने १९७८ च्या सुमारास रंगीत चित्रं टिपणारी काच केली होती. तिचं होलोग्राफीसाठीचं रूप पुढे लेनिनग्राडच्या वाविलोव्ह संस्थेत आणि नंतर अमेरिकेतल्या ऑर्लँडोत संशोधक ग्लेबोव्ह यांच्या गटाने घडवलं. इतकी वर्षं कशात गेली? मोठा वाटा शुद्धतेचा. लोह शिरलं तर ते अतिनील प्रकाश खातं, आणि त्याचं एक रूप नेमकं १ मायक्रॉनच्या आसपासही शोषण करतं, जिथे ताकदीचे लेझर चालतात. म्हणून कच्च्या मालातलं लोह दशलक्षात काही भागांवर आणावं लागतं. शोषण सेंटिमीटरला ०.०००१ वर आलं, तर १ किलोवॅटचा झोत १ सेंटिमीटर काचेत ०.१ वॉटच उष्णता सोडतो. वितळलेला रस सारखा ढवळला नाही तर काचेत शिरा राहतात, आणि त्यातून गेलेला झोत विस्कटतो. तुम्ही हट्ट म्हणालात ते हे काम.

एक आक्षेप मात्र तुमचा रास्त आहे: सिरियमची काच दृश्य प्रकाशात टिपत नाही. साध्या ग्रेटिंगला त्याने अडत नाही, कोन बदलून ते दुसऱ्या तरंगलांबीला वाचता येतं. भिंगासारखा वक्र होलोग्राम अतिनीलमध्ये टिपून लाल प्रकाशात वाचला तर मात्र तो विकृत होतो. ऑर्लँडोच्या गटाने त्यासाठी सिरियमऐवजी टर्बियम घालून पाहिलं. अतिनील प्रकाश टर्बियमला वरच्या पातळीवर चढवतो आणि दृश्य झोत तिथून पुढचा इलेक्ट्रॉन सोडवतो. या मार्गाने दृश्य प्रकाशात टिपलेले वक्र होलोग्राम त्यांनी करून दाखवले आहेत. टर्बियमवर पुढचा लेख लिहितोय, तिथे जरूर या.