पदकांची फ्रेम करताना

निवृत्त सैनिकाला काय भेट द्यावी, यावरच्या एका लेखात त्याची पदकं फ्रेम करून द्या अशी सूचना आहे, ती चांगली आहे. टँक छापलेल्या मगपेक्षा तर शंभर पटींनी. पण मुंबईच्या दमट हवेत नेहमीची फ्रेम दोन-तीन पावसाळ्यांत पदकं काळवंडवते. फ्रेमच्या मागे एमडीएफ म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी असते, तिच्यातून आम्लाची वाफ सुटते, आत मखमल ओल धरते. त्यामुळे खोल पेटीची फ्रेम, आम्लमुक्त माउंटबोर्ड (पदकांमागचा जाड पुठ्ठा) आणि यूव्ही (अतिनील) किरण रोखणारी अ‍ॅक्रिलिक काच मागा, नाहीतर रिबनचे रंग उडतात. पदक डिंकाने किंवा ग्लू गनने चिकटवू देऊ नका; रिबन सुती दोऱ्याने टाचून घ्या. मागची बाजू उघडता यावी, म्हणजे ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी बदलता येते. बाहेरून पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

ब्रासो, म्हणजे पितळ घासायचं पॉलिश, तर अजिबात नको. त्याने पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, हुद्दा आणि नाव घासलं जातं, आणि खरी ओळख तीच.

क्रमही चुकतो. सर्वांत वरिष्ठ पदक बघणाऱ्याच्या डावीकडे येतं. १९७१ च्या युद्धाची ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’, ‘संग्राम पदक’ ही पदकं असतील तर दिसायला छान म्हणून जागा बदलू नका, अधिकृत अग्रक्रम बघा. आणि मूळ पदकं फ्रेममध्ये अडकवण्याआधी त्या सैनिकाला विचारा, समारंभाला ती छातीवर लावायची असतात.