फॉर्मवर टिक करून घेता, मग पुढे काय?

ॲडमिशनचा सीझन आला की आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवर झेरॉक्सवाल्यांकडे पाय ठेवायला जागा नसते. तिथे कोणाचाही फॉर्म हातात घेऊन बघा, कुठल्याही कॉलेजचा, एक ओळ असतेच. दिव्यांग आहात का, हो/नाही, असल्यास प्रकार आणि टक्केवारी. मुलं इमानदारीत भरतात, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जोडतात, सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट जोडतात, वर अटेस्टेड कॉपी. माझा साधा प्रश्न आहे, त्या टिकचं कॉलेज पुढे करतं काय?

मला जे दिसलंय त्यावरून सांगते, बहुतेक ठिकाणी रिपोर्टला आकडा भरतात आणि फाईल बंद.

म्हणजे बघा ना, जुलैमध्ये ऑफिसला माहिती असतं की यंदा एफवायला एक लो व्हिजनचा मुलगा आहे, एक मुलगी व्हीलचेअरवर आहे, कोणाला ऐकू येत नाही. आणि लेक्चर सुरू झाली की वर्गावर येणाऱ्या सरांना यातलं अक्षरशः काहीही माहीत नसतं. मग त्या पोराने प्रत्येक विषयाच्या सरांना गाठायचं, सर मला फळ्यावरचं दिसत नाही हो. सगळे विषय फिरायचे, आणि सेमिस्टर बदललं की परत नवीन सर, परत तीच कॅसेट. मागायची लाज वाटणारं वय असतं ते, अर्धी मुलं चार जणांना सांगतात आणि मग सोडून देतात, बसतात मागच्या बाकावर गप्प. आणि आपण म्हणतो मुलाने काही मागितलंच नाही.

हे सगळं मी लिहितेय कारण माझा भाचा सिन्नरहून माझ्याकडे राहायला आलाय कॉलेजसाठी, बीए करतोय. त्याला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याचा पडदा हळूहळू काम सोडत जातो, समोरचं थोडं दिसतं पण बाजूचं दिसत नाही आणि अंधार पडला की काहीच नाही. दहावी-बारावीला काही त्रास झाला नाही हो. शाळेतल्या मॅडमनीच सगळे कागद बोर्डाला पाठवले, जादा वेळ मिळाला, रायटर म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारा लेखनिक मिळाला, आईला एकदासुद्धा खेटे घालावे लागले नाहीत. कॉलेजला आला आणि सगळं शून्यापासून. त्याच मुलाला, त्याच डोळ्यांना, त्याच सर्टिफिकेटला परत सिद्ध करून दाखवायचं.

आता नोट्सचं ऐका, कारण खरी रड तिथे आहे. लॅपटॉपवर तो एनव्हीडीए वापरतो, स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण फुकट, जगभरातली अंध मंडळी वापरतात. मराठी पण वाचतं, आवाज रोबोसारखा आहे पण त्याला सवय झालीय, तो इतक्या स्पीडने ऐकतो की आपल्याला एक शब्द कळत नाही. तर सरांनी ग्रुपवर पीडीएफ टाकली की तो उघडतो आणि मशीन म्हणतं, एम्प्टी डॉक्युमेंट. रिकामं. चाळीस पानं आहेत आणि रिकामं! कारण सरांनी वहीच्या पानांचे फोटो काढून त्याची पीडीएफ केलेली असते, त्यात अक्षरं नाहीतच, चित्रं आहेत. बरं टाईप केलेल्या नोट्स असतील तर त्या श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये. हे जुने फॉन्ट वरून मराठी दिसतात पण आत इंग्रजी की-बोर्डाची चिन्हं भरलेली असतात. मशीन बिचारं जे आत आहे ते वाचतं. मी एकदा शेजारी बसून ऐकलं, स्वातंत्र्य चळवळीवरच्या धड्याचं पहिलं वाक्य ब्रॅकेट, डॉलर, कॅपिटल एम, स्लॅश असलं काहीतरी. भाचा हसत होता. मला हसायला आलं नाही.

याला खर्च किती? शून्य. युनिकोडमध्ये टाईप करा एवढंच. आपण व्हॉट्सॲपवर दिवसभर जे मराठी लिहितो ते युनिकोडच आहे की. जुन्या फाईली बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर आहेत. कोणीतरी एकाने स्टाफ मीटिंगमध्ये पाच मिनिटं उभं राहून सांगायचंय की बाबांनो, या फॉन्टमध्ये नोट्स देऊ नका. पण ते सांगायचं काम कोणाचं? कोणाचंच नाही. तिथेच तर घोडं पेंड खातं.

कागदावर माणूस असतो हं. बऱ्याच कॉलेजांत समान संधी कक्ष असतो, समिती असते, वेबसाईटवर नावं पण असतात. जाऊन भेटा. ज्या मॅडमचं नाव आहे त्यांच्याकडे एनएसएस पण आहे, परीक्षा विभाग पण आहे, सांस्कृतिक पण आहे, आणि त्यांना स्वतःलाच आठवत नाही की त्या या समितीवर आहेत. मी मॅडमना दोष देत नाहीये, त्यांना ना तास कमी करून दिलेत ना टेबल दिलंय ना अधिकार. एका कोऱ्या करकरीत प्राध्यापकाला सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, ठेवायचं आणि वर ही जबाबदारी पण द्यायची, मग तो काय करणार.

कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची कमिटी यायची असते तेव्हा मात्र बघा धावपळ. नॅकच्या फॉर्ममध्ये विचारलेलंच असतं, रॅम्प किंवा लिफ्ट आहे का, दिव्यांगांचं टॉयलेट आहे का, स्क्रीन रीडर आहे का, लेखनिकाची सोय आहे का. मग फोटो काढायचे, अपलोड करायचे. भाच्याच्या वर्गातली एक मुलगी व्हीलचेअर वापरते, तिने मला ते टॉयलेट दाखवलं. बाहेर निळी पाटी, छान, चकाचक. आत बॅडमिंटनची नेट, मागच्या गॅदरिंगचे फ्लेक्स आणि फुटलेल्या खुर्च्या. किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा जेवायला गेलेले. ती मुलगी सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी घरी जाईपर्यंत पाणी पीत नाही. उन्हाळ्यात सुद्धा. हे तिने असं सांगितलं जसं आपण सांगतो की मी चहात साखर घेत नाही.

रॅम्पचं तर विचारूच नका. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, हे माप ठरलेलं आहे. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर सिमेंट ओततात की झाला रॅम्प, तो खरंतर स्कूटर चढवायला बरा पडतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला सांगितलंय की हे सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा. बघू.

पण मला सगळ्यात राग कशाचा येतो माहितीये का, की त्या मुलीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, ठीक, पैसे नसतील, मान्य. अरे पण वर्ग खाली घ्या ना! तळमजल्यावर खोल्या आहेत, टाईमटेबलमध्ये दोन खोल्यांची अदलाबदल करायची, बस. त्याऐवजी रोज चार मुलं तिला खुर्चीसकट उचलून वर नेतात. लोक त्याचे व्हिडिओ काढतात, माणुसकी अजून जिवंत आहे वगैरे. ती मुलं खरंच सोन्यासारखी आहेत, पण त्यातले दोघं एनसीसीच्या कॅम्पला गेले की हिचा आठवडा बुडतो. पोरांच्या चांगुलपणाच्या जिवावर कॉलेज आपली जबाबदारी ढकलतंय, आणि तिला मात्र रोज सकाळी कोणाचे तरी उपकार घ्यावे लागतात तेव्हा कुठे लेक्चरला बसता येतं.

आणि ज्यांचं दिसतच नाही त्यांचं काय. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, लोकांना अजून वाटतं अंध, मूकबधिर आणि पायाने अधू एवढेच. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आहेत, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, मानसिक आजार आहेत. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यातून किती मुलं नाशिकला शिकायला येतात, त्यांच्यात सिकलसेलवाली असतात. थंडीत, पाणी कमी पडलं, दगदग झाली की दुखणं उसळतं, हाडं अशी दुखतात की मूल उठू शकत नाही, ॲडमिट करावं लागतं. डिसेंबरातली नाशिकची थंडी आपल्याला गुलाबी, त्यांना नाही. महिन्याभराने बरं वाटलं म्हणून ते मूल वर्गात येतं तर दुपारी हसतखेळत दिसतं, मग 75 टक्के हजेरीसाठी ऑफिसात ऐकून घ्यावं लागतं, तू तर चांगला धडधाकट दिसतोस की.

त्यात 2024 मध्ये आयएएसच्या निवडीतलं ते बोगस दिव्यांग सर्टिफिकेटचं प्रकरण गाजलं. तेव्हापासून तर ज्याला त्याला संशय. खोटं सर्टिफिकेट काढणाऱ्याला धरा की, कोण नको म्हणतंय. पण त्याची शिक्षा खऱ्याने का भोगायची, त्याने सिव्हिलला तपासण्या करून, डॉक्टरांच्या बोर्डापुढे बसून ते मिळवलंय, आता क्लार्कने पण टेबलावरून नजरेने तपासायचं का?

ऐकू न येणाऱ्या मुलांचं मला जवळून माहिती नाही फारसं. एवढं कळतं की सरांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि मुद्दे आदल्या दिवशी ग्रुपवर टाकावेत, एवढ्याने सुद्धा पुष्कळ फरक पडेल. बोललेलं लगेच अक्षरात दाखवणारी फुकट ॲप्स पण आलीत फोनवर. पण मग वर्गात फोन काढला म्हणून तोच फोन जप्त होतो!

कायदा काय म्हणतो ते पण सांगते, कारण पालकांना माहीतच नसतं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, लागू झाला एप्रिल 2017 पासून. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान 5 टक्के जागा, वयात 5 वर्षांची सूट. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याच्यापुढचं वाचा. सरकारी निधी घेणारी असो की नुसती मान्यता घेतलेली असो, शिक्षणसंस्थेने त्या मुलाच्या गरजेनुसार बदल करून द्यायचे असं त्यात लिहिलंय, म्हणजे आम्ही विनाअनुदानित आहोत हे उत्तर चालत नाही. आणि 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लेखनिकासाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, ज्याला लिहायला खरोखर अडचण आहे त्याला तो मिळाला पाहिजे. हे खिडकीवरच्या क्लार्कला माहीत नसतं. तुम्हाला माहीत असू द्या.

माझं मागणं मोठं नाहीये. ॲडमिशन कन्फर्म झाली की आठवड्याभरात एका माणसाने त्या मुलाला फोन करावा, तुला काय लागेल विचारावं, आणि ते लिहून त्याच्या सगळ्या सरांना कळवावं. एकच माणूस, त्याचं नाव आणि नंबर नोटीस बोर्डावर, त्याच्या दोन तासिका कमी करा आणि त्याला टाईमटेबल बदलायचा अधिकार द्या. वर्षाला किती मुलं असतील अशी एका कॉलेजात? पाच, दहा, पंधरा? स्नेहसंमेलनाच्या मंडपात जातो त्याहून कमी खर्च आहे.

तोपर्यंत पालकांनी काय करायचं, तर तोंडी काही बोलायचं नाही. अर्ज द्या, प्राचार्यांच्या नावे, काय काय लागणार ते एकेक लिहून, युनिव्हर्सिटीचा परीक्षा फॉर्म भरायच्या कितीतरी आधी. ऑफिसात इनवर्डला देऊन शिक्का मारलेली ओसी, म्हणजे आपली प्रत, घ्या. शिक्का असला ना की आवाज आपोआप मऊ होतो समोरच्याचा. तरी नाहीच ऐकलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तक्रार लेखी पाठवा. कंप्युटर-मोबाईल शिकायचं असेल, ब्रेलचं काही असेल तर सातपूरला नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, तिथे जाऊन विचारा, आपल्याच गावात आहे आणि निम्म्या नाशिकला माहीत नाही.

आता रायटरचं. स्वतःचा रायटर आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी लागतं, त्यामुळे माझ्यासारखीची बसायची कितीही इच्छा असली तरी उपयोग नाही. अकरावी-बारावीची, एफवायची मुलं हवी असतात, आणि नेमकं त्यांच्या पण परीक्षा त्याच सुमाराला. मागच्या सेमिस्टरला ठरलेला मुलगा आदल्या रात्री म्हणाला, ताप आलाय. रात्री साडेदहाला मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, दुसऱ्या विंगमधली बारावी झालेली मुलगी तयार झाली म्हणून पेपर झाला. ही यादी कॉलेजकडे तयार पाहिजे खरंतर, नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते.

तुमच्या घरात बारावी झालेलं कोणी असेल, मराठी अक्षर वाचता येण्यासारखं असेल, तर मला मेसेज करा. तीन तासांच्या पेपरला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात म्हणजे चार तास बसायची तयारी हवी. ओळखपत्र न्यायचं. जमलं तर आधी एकदा येऊन भाच्याला भेटून जा, दोघांची बोलायची-लिहायची लय जुळते. प्रश्न सावकाश दोनदा वाचायचा. तो जे सांगेल तेच लिहायचं, शुद्धलेखन तुमचं पण वाक्य त्याचं. आणि उत्तर चुकतंय असं वाटलं तरी 'नक्की ना?' असं काही विचारायचं नाही, कान फार तिखट आहेत त्याचे, लगेच बदलतो उत्तर.