अश्रू, शांतता आणि मंडळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी, जय ख्रिस्त.

'आपली उपासना कोरडी का झाली?' या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि उत्तर द्यायला दोन आठवडे घेतले, कारण तिच्यातला काही भाग मला मान्य करावा लागणार होता आणि काही भाग मान्य करणे आजही शक्य नाही. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रविवारच्या भक्तीत आपण पापांगीकारापासून आशीर्वादापर्यंतचे सगळे शब्द न चुकता म्हणतो, पण त्या शब्दांतले दुःख किंवा आनंद चेहऱ्यावर उमटू देत नाही, अशी माझी तक्रार होती. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. विश्वास वचनावर उभा असतो. भावना सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरी, म्हणून तिच्यावर काही उभारता येत नाही, हा पहिला. आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगात येणे, घुमणे, कौल लावणे हे सारे मागे टाकून ख्रिस्ताचा मार्ग धरला आणि आता तेच नव्या नावाने, कीबोर्डच्या साथीने आपल्या सभांत परत येत आहे, हा दुसरा. आणि दफनाच्या वेळी मोठ्याने रडणे पुनरुत्थानाच्या आशेला शोभत नाही, हा तिसरा.

आधी माझी चूक सांगते. 'जिथे डोळे ओले होत नाहीत तिथे पवित्र आत्मा काम करत नाही' असे एक वाक्य मी लिहिले होते आणि आपण नेमके त्यावर बोट ठेवलेत. ते वाक्य मी लेखातून काढले आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांत झालेल्या मोठ्या धर्मजागृतीत जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने लोकांना उपासनेत रडताना, थरथरताना, हंबरडा फोडताना प्रत्यक्ष पाहिले होते आणि त्या जागृतीची बाजूही घेतली होती. तरीही १७४६ मध्ये त्याच प्रश्नावर लिहिलेल्या ग्रंथात त्याने असे ठरवले की देहावर दिसणाऱ्या अशा गोष्टींवरून आत्म्याचे कार्य आहे असेही सिद्ध होत नाही आणि नाही असेही सिद्ध होत नाही. पाहायचे ते माणसाचे पुढचे आचरण. मी त्यातला अर्धाच भाग मनाशी धरून बसले होते.

त्या वाक्याने काय होते ते मी स्वतः पाहिलेले आहे, आणि पाहूनही ते लिहिले याची मला खंत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघातली मुले एका शिबिराला गेली होती आणि मी त्यांच्याबरोबर होते. शेवटच्या रात्री दिवे मंद केले, कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवला आणि वक्ते हळूहळू आवाज चढवत 'डोळे मिटा, हात वर करा, सोडून द्या' असे सांगू लागले. मुले रडू लागली. आमच्यातला एक मुलगा, ज्याचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात आणि जो सहा महिने आजीजवळ राहून शिकतो, तो कोरड्या डोळ्यांनी बसला होता. वक्त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून, तू देवापासून काय लपवतोस, असे सगळ्यांदेखत विचारले. मग तोही रडला. परतीच्या प्रवासात एसटीत तो खिडकीकडे तोंड करून मला म्हणाला, "मावशी, मला रडू येत नव्हतं, म्हणून मी रडलो." गुरुजी, अशा रडण्याविषयी आपण जे लिहिले आहे त्यातला एकही शब्द मी खोडून काढणार नाही.

आपल्या दुसऱ्या आक्षेपाने मला माझ्या आजोबांची आठवण करून दिली, आणि लेखात मी ज्याला कोरडेपणा म्हटले त्यातल्या काही भागाला दुसरेच नाव द्यायला हवे होते, हे त्या आठवणीने कळले. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले त्या काळापासून मराठवाड्यात जी कुटुंबे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आली, त्यांतली बहुतेक अशी होती की गावात कोणाकडे लग्न असो, मयत असो की जत्रा असो, बोलावणे येताच त्यांनी जायचे, हलगी वाजवायची आणि देवळाच्या बाहेर उभे राहायचे. वाजवायचे की नाही हे त्यांच्या मर्जीवर नव्हते. अशा घरातला माणूस रविवारी धुतलेले धोतर नेसून, सतरंजीवर पुढच्या रांगेत, हातात स्वतःचे गीतपुस्तक घेऊन गप्प बसतो तेव्हा त्या गप्प बसण्यात केवढा मान असतो! माझे आजोबा प्रौढपणी वाचायला शिकले. गीते त्यांना तोंडपाठ होती, तरी गाताना ते प्रत्येक ओळीखाली तर्जनी फिरवत, आणि एखाद्या ओळीवर ती तर्जनी थांबे. बाकीची मंडळी पुढच्या कडव्यावर गेलेली असे, आजोबांचे बोट मात्र तिथेच असे. डोळ्यांत पाणी नसे, आवाज नसे. ते पाहत मी लहानाची मोठी झाले आणि तरी त्या पिढीच्या उपासनेला सरसकट कोरडी म्हणाले, याबद्दल क्षमा मागते.

पण अंगात येणे आणि उपासनेत मन भरून येणे या दोन गोष्टी आपण एकाच तागडीत टाकता, ते मला पटत नाही. अंगात येते तेव्हा त्या माणसाचे स्वतःचे काही उरत नाही. दुसरेच कोणी त्याच्या तोंडून बोलते, आणि नंतर त्याला काय झाले ते आठवतही नाही, असे मानतात. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. सगळे व्यवस्थितपणे होऊ द्या, हे आपण उद्धृत केलेले वचन पहिल्या पत्राच्या ज्या चौदाव्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात हेही आहे, आणि मी आत्म्याने गाईन व बुद्धीनेही गाईन, असे त्याने म्हटले आहे तेही तिथेच. पौलाला जी सुव्यवस्था हवी आहे तिच्यात दोन्हींना जागा आहे. माणूस स्वतः शुद्धीवर राहून, काय बोलतो ते जाणून, देवासमोर रडतो किंवा हसतो, तेव्हा त्याचे काहीही हरवत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत मला फार मोलाचे वाटते. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात जागृती झाली तेव्हा मुली मोठमोठ्याने रडून पापे कबूल करत आणि सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. परदेशातून आलेल्या काहींना तो गोंगाट खटकला. रमाबाईंनी तो दाबून टाकला नाही. भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्या देशाच्या शिष्टाचाराप्रमाणेच प्रार्थना करावी, हे त्यांना मान्य नव्हते. आणि याच रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून, मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करत वर्षानुवर्षे बसल्या. १९२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत हे काम चालले होते. एकच बाई, एकच अंगण. एका खोलीत मुली रडत प्रार्थना करत आहेत आणि दुसऱ्या खोलीत एकेका शब्दाचा अर्थ तपासला जातो आहे. यातले कोणते खरे ख्रिस्तीपण, असे विचारण्याची गरज त्यांना कधी पडली नसावी.

आता वचन आणि भावना यांविषयी. विश्वास वचनावर उभा असतो, यावर आपले एकमत आहे. पण त्या वचनात काय आहे? दीडशे स्तोत्रांतला मोठा भाग विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी 'तरीही मी तुझे स्तवन करीन' असा दिलासाही त्यात नाही. इब्रीकरांस पत्रात सांगितले आहे की प्रभू येशूने देहात असताना मोठ्याने आक्रोश करत व अश्रू गाळत प्रार्थना केल्या. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात मंदिराचा पाया घातला जातो तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडतात, बाकीचे आनंदाने गजर करतात, आणि रडण्याचा आवाज कोणता व गजराचा कोणता हे लोकांना ओळखता येत नाही. या शेवटच्या प्रसंगापाशी मी पुन्हा पुन्हा येते. तिथे कोणीही वृद्धांना सांगितले नाही की आज आनंदाचा दिवस आहे, गप्प बसा. आणि कोणीही तरुणांना सांगितले नाही की वडीलधारे रडत आहेत, तुम्ही आनंद कसला करता? ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपण ज्यांची भजने दर रविवारी गातो त्या टिळकांनी त्या पुलावरून काय आणले असेल तर ती आर्तता. आपण चाल ठेवली आणि आर्तता शिष्टाचाराच्या कपाटात ठेवून दिली, एवढेच मला म्हणायचे होते.

आणि म्हणून तिसऱ्या आक्षेपाशी मी ठामपणे असहमत आहे. येथे मी एक प्रसंग सांगते. त्या घरच्या माणसांना विचारून सांगते आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात, सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेल्यावर लोक विहिरी आणखी खोल करू लागले होते. एका बावीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर विहिरीचा काठ ढासळला. मृतदेह घरी आणला तेव्हा शेजारच्या, मंडळीबाहेरच्याही, सगळ्या बायका ओट्यावर जमल्या. आई हंबरडा फोडत होती, त्या तिच्या गळ्यात पडून रडत होत्या; आपल्याकडे खेड्यात हे असेच असते. पाळकसाहेब आले. ते प्रेमळ गृहस्थ आहेत आणि त्यांना त्या घराविषयी कळवळा होता. पण ते म्हणाले, "बाई, रडू नका, तो प्रभूजवळ आहे, लोक म्हणतील यांना आशाच नाही." आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यानंतर दफनभूमीत माती टाकेपर्यंत तिचा आवाज आला नाही. मंडळीने तिच्या धीराची वाखाणणी केली. पुढचे चौदा महिने ती उपासनेला आली नाही.

आम्ही महिला संघाच्या बायका दर शुक्रवारी कोणा ना कोणाच्या घरी जमून स्तोत्रे क्रमाने वाचतो. तिच्या घरी जमलो त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवे आले. ते कोणी निवडले नव्हते. वाचून संपल्यावर वाचणारी बाई घाबरून लगेच पान उलटू लागली, तेव्हा ती आई म्हणाली, "थांबा. परत वाचा." परत वाचले. दुसऱ्या वाचनाला ती रडली, आणि आम्ही कोणीही काही बोललो नाही. चहा चुलीवर होता, तो उतू गेला. तोही कोणी उतरवला नाही. त्यानंतर दोन-तीन रविवारांनी ती मंडळीत दिसू लागली.

पौल थेस्सलनीकाकरांस म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असे तो म्हणत नाही. आणि लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. त्याच्या जवळ आशा कमी होती, असे आपण म्हणणार आहोत का? रोमकरांस लिहिताना पौलाने सांगितले की शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. ही आज्ञा मंडळीला आहे. शोक करणाऱ्याला लवकर आवरायला लावा, अशी आज्ञा कुठेही नाही.

आता लिहिता लिहिता मला असे दिसते की शिबिरातल्या त्या मुलाचा आणि या आईचा दोष एकच धरला गेला: बाकीच्यांना जे वाटते ते त्यांना वाटत नव्हते. एकाकडून अश्रू काढून घेतले, दुसरीचे अश्रू आत ढकलले. दोन्ही ठिकाणी काय वाटायचे हे दुसऱ्याने ठरवले, आणि दोन्ही ठिकाणी ते देवाच्या नावाने ठरवले. म्हणून उपासनेत किती भावना असावी, या प्रश्नापेक्षा, आज ज्याचे मन मंडळीपेक्षा वेगळे आहे त्याला आपल्यामध्ये बसायला जागा आहे का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुष्काळाच्या वर्षी कापणीच्या सणाला ज्याच्या घरी एक पायली ज्वारी आली नाही तो शेतकरीही त्याच सतरंजीवर बसलेला असतो. त्याला मोठ्याने उपकारस्तुती म्हणायला लावायची की त्याच्यासाठी एक विलापाचे स्तोत्रही वाचायचे, हे पाळकाने आणि मंडळीच्या वडीलजनांनी आधी बसून ठरवायला हवे. त्या दिवशी गाण्यांच्या यादीत ते सहज घालता येते.

आपल्या सूचनेप्रमाणे संगीताविषयी आम्ही एक बदल केला आहे. गाणे ज्या गोष्टीविषयी आहे तिच्याहून गाण्यानेच मन अधिक हलू लागले तर ते पाप, अशी कबुली प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टिनने स्वतःविषयी दिली होती. तो तर मिलानच्या मंडळीची गीते ऐकून रडलेला माणूस होता. मध्यस्थीच्या प्रार्थनेनंतर आम्ही आता काही मिनिटे पेटी, तबला, कीबोर्ड सगळे बंद ठेवतो. कोणी रडते, कोणी मान खाली घालून बसते, लहान मुले चुळबुळ करतात. तरुणांना सुरुवातीला ते अवघड गेले. त्यांच्याशी बोलताना आपल्या प्रतिक्रियेतला संगीताविषयीचा परिच्छेद मी वाचून दाखवला आणि त्यांनी तो शांतपणे ऐकला.

दफनविधीविषयी मात्र मी आपले म्हणणे मान्य करू शकत नाही, गुरुजी. आमच्या महिला संघाने ठरवले आहे की कोणाच्याही ओट्यावर गेलो तर पाळकसाहेब येईपर्यंत आणि आल्यानंतरही आम्ही आईजवळ बसू, आणि तिला गप्प करण्याचे काम आमच्यापैकी कोणी करणार नाही. पाळकसाहेबांना हे आम्ही भेटून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी त्या मुलाच्या आईचे नाव घेतले आणि तिची विचारपूस केली.

आपली,
महिला संघातली एक सेविका, जालना जिल्हा